मोहल्ल्यातल्या छोट्या संस्थांना दुकानदार-कारखानदार कशी मदत करू शकतात?

आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार छोट्या संस्था असतातच. कुठे मुलांसाठी अभ्यासिका आणि वाचनालय, कुठे बेवा आणि तलाकशुदा बहिणींसाठी शिवणक्लास, कुठे रुग्णांना व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजन सिलिंडर वापरायला देणारी कमिटी, कुठे दहावी-बारावीच्या मुलांच्या फीची सोय करणारा ट्रस्ट. मयतीसाठी कफन-दफनाचं सामान आणि गाडी देणारी मंडळीही यातलीच. या संस्थांना मोठं ऑफिस नसतं, पगारी माणूस नसतो. तीन-चार जण आपापली नोकरी, दुकान सांभाळून हे काम ओढत असतात.

त्याच मोहल्ल्यात पन्नास-शंभर दुकानं असतात. किराणा, मेडिकल, बेकरी, मोबाइल रिपेअरिंग, गॅरेज, कापडाचं दुकान, केटरर, फर्निचरचा कारखाना, भिवंडी-मालेगावकडे पॉवरलूम. यातला प्रत्येक जण काही ना काही देतो. रमजानमध्ये तर मोकळ्या हातानं देतो. तरीही छोटी संस्था कायम तंगीत का असते? आणि धंदेवाल्या माणसानं नेमकं काय केलं तर ती उभी राहील? याची कामाची माहिती आम्ही इथे एका जागी देत आहोत.

हा विषय आज जास्त महत्त्वाचा झाला आहे. केंद्र सरकारची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची प्रिमॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बंद झाली आणि फक्त नववी-दहावीपुरती राहिली. ती रक्कम मोठी नव्हती, पण गरीब घरात वह्या-दप्तराचा खर्च तिच्यातून निघायचा. आता ते घर मोहल्ल्यातल्या ट्रस्टचं दार वाजवतं. ट्रस्टच्या पेटीत पैसे असले तर मूल शाळेत टिकतं, नसले तर गॅरेजवर किंवा जरीच्या कारखान्यात जातं.

जुनी परंपरा

व्यापाऱ्यांनी संस्था उभ्या करायच्या ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी होते, तसे कोकणी मुस्लिम व्यापारी घराण्यातले नाखुदा मोहम्मद अली रोगेही होते. मुंबईतला साबू सिद्दीक मुसाफिरखाना आणि भायखळ्याची साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था मोहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या नावानं आजही ओळखली जाते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था आणि बोर्डिंग सुरू करून दिलं, आणि पुढे समाजानं ते चालवलं.

ही मोठी नावं झाली. पण मोठ्या संस्थाही एकेकाळी छोट्याच होत्या, आणि कुणीतरी त्यांच्यामागे सातत्यानं उभं राहिलं होतं.

छोटी संस्था कुठे अडते

संस्था चालवणाऱ्यांशी बोललं की त्याच त्या चार अडचणी पुढे येतात.

पहिली अडचण वेळेची. देणगीचा मोठा भाग रमजानमध्ये येतो. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी छोटं असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. आपल्याकडे २०२४ साली तो १२ मार्चला सुरू झाला, २०२५ साली २ मार्चला. शाळा मात्र जूनमध्येच उघडते. म्हणजे पैसा येण्याचा महिना आणि फी भरण्याचा महिना यांतलं अंतर दरवर्षी वाढत चाललं आहे. रमजानमध्ये आलेली रक्कम रेशन किटमध्ये आणि ईदीत संपते आणि जूनमध्ये ट्रस्टी पुन्हा लोकांच्या दारात उभे राहतात.

दुसरी अडचण, लोक वस्तूंना देतात, खर्चाला देत नाहीत. व्हीलचेअर घ्यायला दहा जण तयार होतात. ती व्हीलचेअर ठेवायच्या खोलीचं भाडं, तिचं तुटलेलं चाक, लाइटबिल, ऑडिटची फी यांना कुणी देत नाही. संस्था बंद पडते ती बहुतेक वेळा याच खर्चांमुळे.

तिसरी अडचण कागदाची. ट्रस्टी वारले, पण धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी त्यांचंच नाव चालू आहे. बदल नोंदवला नाही म्हणून बँक नवी सही घेत नाही. ऑडिट तीन वर्षं झालेलं नाही. अशा संस्थेला द्यायची इच्छा असूनही मोठा देणगीदार देऊ शकत नाही.

चौथी अडचण माणसाची. एकच माणूस सगळं करतो. तो आजारी पडला किंवा कामासाठी बाहेरगावी गेला की शटर खाली.

या चारही ठिकाणी धंदेवाला माणूस मदत करू शकतो. त्यातल्या निम्म्या मदतीला तर पैसाही लागत नाही.

मदतीचे सात मार्ग

१. दर महिन्याची ठरलेली रक्कम. संस्थेसाठी सगळ्यात मोलाची मदत हीच. वर्षातून एकदा ६,००० रुपये देण्यापेक्षा महिन्याला ५०० रुपये दिलेले जास्त उपयोगी, कारण त्यावर संस्थेला हिशोब मांडता येतो. समजा बाजारातल्या ४० दुकानदारांनी महिन्याला ५०० रुपये ठरवले, तर महिन्याचे २०,००० आणि वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. एका खोलीचं भाडं, लाइट आणि एका अर्धवेळ माणसाचा पगार बऱ्याच गावांत एवढ्यात निघू शकतो. रक्कम थेट संस्थेच्या बँक खात्यावर जाईल अशी व्यवस्था करा. दर महिन्याला कुणी मागायला यायचं आणि आपण "उद्या या भाई" म्हणायचं, असं होऊ देऊ नका.

२. माल. स्टेशनरीवाल्यानं वह्या, कापडवाल्यानं युनिफॉर्मचं कापड, किराणावाल्यानं खरेदीच्या भावात धान्य देणं, हे आपल्याकडे चालतंच. फक्त आधी विचारा, काय लागतं आहे. न खपलेला माल काढून टाकायची जागा म्हणून संस्थेकडे बघू नका. मेडिकलवाल्यांनी मुदत जवळ आलेली औषधं गठ्ठ्यानं देऊ नयेत. औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि फार्मासिस्टच्या हातूनच रुग्णाकडे गेलं पाहिजे. त्यापेक्षा संस्थेनं पाठवलेल्या रुग्णाला बिलात सूट द्यावी, तिचा हिशोब महिन्याला लिहून ठेवावा.

हॉटेल आणि केटररचं उरलेलं जेवण हा वेगळा विषय. उरलेलं म्हणजे उष्टं नव्हे, डेगमध्ये शिल्लक राहिलेलं. याबाबत अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१९ साली नियमही केले आहेत. साधी गोष्ट लक्षात ठेवा. जेवण कधी शिजलं ते डब्यावर लिहा, गरम असतानाच द्या, आणि जे आपण आपल्या मुलांना खायला घालणार नाही ते देऊ नका.

३. जागा आणि वाहन. गोदामाचा एक कोपरा, दुकानावरचा माळा, संध्याकाळी रिकामा असणारा क्लासचा हॉल, शुक्रवारी उभा असणारा टेम्पो. संस्थेला यातली एक गोष्ट मिळाली तरी महिन्याचे काही हजार वाचतात. नव्या संस्थेला नोंदणीसाठी पत्ता लागतो. त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि लाइटबिलाची प्रत देता आली तर तीही मोठीच मदत. मात्र जागा किती दिवसांसाठी दिली, लाइटबिल कोण भरणार, रिकामी करायची तर किती आधी सांगायचं, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. दोस्तीत दिलेल्या जागेवरून पुढे वारसांमध्ये भांडणं होतात. लिहून ठेवलं की दोघांचीही अब्रू राहते.

४. कसब. अकाउंटंटनं वर्षाला चार रविवार दिले तर छोट्या ट्रस्टचे हिशोब ऑडिटला तयार होतात. वकिलानं ट्रस्टींचा बदल नोंदवून दिला तर अडकलेलं बँक खातं मोकळं होतं. प्रिंटिंग प्रेसवाल्यानं पावतीपुस्तकं छापून द्यावीत, इलेक्ट्रिशियननं अभ्यासिकेची वायरिंग बघावी, मोबाइल दुकानातल्या पोरानं संस्थेच्या आपांना ऑनलाइन फॉर्म भरायला शिकवावं. कॉम्प्युटर क्लासवाल्यानं दर बॅचमध्ये दोन जागा संस्थेनं पाठवलेल्या मुलांसाठी राखाव्यात. यात खिशातून फार जात नाही, पण संस्थेला हेच विकत घ्यायचं तर परवडत नाही.

५. काम आणि ऑर्डर. शिवणक्लास चालवणाऱ्या संस्थेला दहा शिलाई मशीन देणारे पुष्कळ भेटतात. क्लास शिकून बाहेर पडलेल्या बहिणींना काम देणारे फार थोडे. कापडाच्या दुकानदारानं पिको-फॉल, फिनिशिंग, कापडी पिशव्यांची ऑर्डर तिथे दिली, शाळेनं युनिफॉर्म तिथे शिवून घेतले, केटररनं समोसापट्टी आणि चपात्या तिथून घेतल्या, तर त्या घराला सदक्याची गरज उरत नाही. मात्र भाव बाजाराचाच द्या आणि पैसे वेळेवर द्या. "संस्थेचं काम आहे, सवाबचं काम आहे" म्हणून मजुरी कापणं बरोबर नाही. उलट आपण ज्याला काम दिलं त्याचं बिल दोन महिने लटकवलं, तर मदतीच्या नावानं आपण त्यांचंच भांडवल वापरतो आहोत.

६. गल्ल्याजवळचा डबा आणि क्यूआर कोड. काउंटरवर डबा ठेवायला दुकानदार सहज तयार होतो. पण डबा सीलबंद असावा, त्यावर संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक असावा. महिन्यातून एकदा दुकानदार आणि संस्थेचा माणूस अशा दोघांनी मिळून तो उघडावा, रक्कम मोजून वहीत लिहावी, पावती लगेच घ्यावी. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. कुणा एका भाईच्या खासगी नंबरवर पैसे घेणारी संस्था कितीही नेक असली तरी उद्या त्या भाईलाच त्रास होतो. आणखी एक गोष्ट. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या धर्मादाय संस्थेकडे एका मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यावर ३० टक्के कर लागतो. ही मर्यादा एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांत जी जास्त असेल ती. म्हणून मोठी रक्कम डब्यात टाकू नका, नावानं द्या.

७. कामगारांना सोबत घ्या. कारखान्यात वीस माणसं असतील तर त्यांना विचारा, कुणाला यायचं आहे का. महिन्यातून एक अर्धा दिवस पगारी सुट्टी देऊन वाचनालयाची कपाटं लावायला, रुग्णाच्या घरी बेड पोहोचवायला दोन माणसं पाठवा. त्यांच्या पगारातून मात्र सक्तीनं काही कापू नका. देणं ज्याच्या त्याच्या मर्जीनं असावं.

जकात, सदका की लिल्लाह? पैसे देताना सांगा

आपल्या दुकानदारांचा देण्याचा सगळ्यात मोठा हिस्सा जकातीचा असतो, आणि घोटाळा इथेच होतो. विक्रीसाठी ठेवलेल्या मालाची आजच्या बाजारभावानं किंमत, हातातली आणि बँकेतली रोकड, वसूल होणारी येणी यांची बेरीज करायची, त्यातून देणं वजा करायचं, आणि निसाबच्या वर असलेल्या मालावर चांद्रवर्ष पूर्ण झालं की अडीच टक्के जकात निघते. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीची किंमत. दुकानाचं फर्निचर, मशिनरी, डिलिव्हरीची गाडी यावर जकात नाही, कारण त्या वस्तू विकायला ठेवलेल्या नसतात. कर्ज नेमकं किती आणि कोणतं वजा करायचं यात मतभेद आहेत. ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

जकातीचे हक्कदार सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत सांगितलेले आठ प्रकारचे लोक आहेत. बहुतांश उलेमांच्या मते जकात हक्कदाराच्या मालकीत गेली पाहिजे. म्हणून तिच्यातून संस्थेच्या खोलीचं भाडं, इमारतीची दुरुस्ती, लाइटबिल असे खर्च भागवता येत नाहीत. मग हे खर्च कशातून? तर लिल्लाह आणि नफली सदक्यातून.

इथे आमचा दुकानदार भाईंना सरळ सल्ला आहे. जकात तर द्याच, पण तिच्यासोबत थोडी रक्कम लिल्लाह म्हणून वेगळी द्या, आणि देताना स्पष्ट सांगा की ही संस्थेच्या चालू खर्चासाठी आहे. १०,००० रुपये जकातीसोबत १,००० रुपये लिल्लाह दिले तर ते दहा हजार योग्य माणसापर्यंत पोहोचवायची यंत्रणा जिवंत राहते. पावतीवर "जकात", "सदका", "लिल्लाह" असा प्रकार लिहून घ्या. बँकेच्या व्याजाची रक्कम सवाबच्या नियतीशिवाय गरिबाला देऊन टाकणारे पुष्कळ जण आहेत. तीही वेगळी सांगूनच द्यावी, म्हणजे संस्था ती वेगळी ठेवेल.

जून महिन्याची अडचण सोडवायलाही एक वाट आहे. वर्ष पूर्ण होण्याआधी आगाऊ जकात थोडी थोडी काढणं बहुतेक उलेमा जायज मानतात. तुमच्या मसलकच्या मुफ्तींना विचारून घ्या, आणि शक्य असेल तर जकातीचा एक हिस्सा मे-जूनमध्ये मुलांच्या फीसाठी द्या.

संस्था तपासायची कशी

विचारपूस करणं म्हणजे शंका घेणं नव्हे. पैसा अमानत आहे, तो कुठे जातो हे बघणं देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. चांगल्या संस्थेला असे प्रश्न विचारलेले आवडतात.

महाराष्ट्रात बहुतेक संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. काही संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेल्या असतात. मशीद, दर्गा, कब्रस्तान अशा वक्फ मिळकती वक्फ मंडळाकडे असतात. आधी एवढं बघा:

- नोंदणीचं प्रमाणपत्र आणि पीटीआर उतारा, म्हणजे परिशिष्ट १. त्यावर ट्रस्टींची नावं असतात. समोर बसलेल्या मंडळींची नावं त्यावर आहेत का?
- मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट. पाच ओळींचा असला तरी चालेल, पण असला पाहिजे.
- संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि दोन जणांच्या सहीनं चालणारा व्यवहार.
- क्रमांक असलेलं, छापील पावतीपुस्तक.
- आयकराची १२एबी आणि ८०जी नोंदणी असेल तर तिची मुदत. ही नोंदणी कायमची नसते, तिचं नूतनीकरण करावं लागतं.

यातलं काही नसेल तर लगेच पाठ फिरवू नका. मोहल्ल्यात दहा वर्षं इमानदारीनं काम करणारी पण कागदात कच्ची अशी मंडळी पुष्कळ आहेत. ट्रस्टी बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, हे कित्येकांना माहीतच नसतं. अशा संस्थेला पहिली मदत कागद नीट करायचीच करा. एका वकिलाची आणि एका सीएची फी तुम्ही भरलीत, तर पुढे तिला दुसरे दहा देणगीदार मिळतील.

आयकर आणि जीएसटी: गैरसमज नकोत

"देणगी दिली की टॅक्स वाचतो" हे अर्धंच खरं आहे. ८०जी नोंदणी असलेल्या बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीपैकी ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, आणि त्यालाही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते. म्हणजे २०,००० रुपये दिले तर १०,००० वजा होतात. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचतो सुमारे २,००० रुपये. तेवढ्यासाठी कुणी देणगी देत नाही, आणि देऊही नये.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा:

- २,००० रुपयांच्या वर रोख देणगी दिली तर ही सवलत मिळत नाही. चेक, यूपीआय किंवा बँक ट्रान्सफर करा.
- सवलत फक्त पैशांच्या देणगीवर आहे. वह्या, धान्य, मशीन दिलं तर ८०जी नाही.
- दुकान स्वतःच्या नावावर असेल आणि तुम्ही नवी कर प्रणाली निवडली असेल तर ८०जीची सवलत मिळत नाही.
- संस्थेनं देणग्यांचं विवरण आयकर खात्याला देऊन तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं असतं. साधी पावती पुरत नाही.
- दुकानातला माल फुकट दिला तर त्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. त्यामुळे कधी कधी माल देण्यापेक्षा पैसे देणं, किंवा माल खरेदीच्या भावात बिलानं देणं सोपं पडतं.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, लोकांच्या तोंडी मात्र ८०जी हेच नाव आहे. रिटर्न भरताना सीएला विचारूनच आकडा टाका.

आपल्या संस्थांच्या बाबतीत एक मुद्दा खास महत्त्वाचा आहे. एखादी संस्था तिच्या घटनेत फक्त एका धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी असेल तर तिला सहसा ८०जी मिळत नाही. म्हणून शिक्षण, आरोग्य, रोजगाराचं काम करणाऱ्या संस्थेनं आपली दारं सगळ्यांना उघडी ठेवावीत आणि तसं घटनेत लिहावं. फायदा फक्त कराचा नाही. व्हीलचेअर देणाऱ्या कमिटीकडे शेजारच्या आळीतले काका-मावशीही येतात, अभ्यासिकेत सगळ्या घरची मुलं बसतात. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला घरातच शिकवलेला आहे.

मोठ्या कंपनीचा सीएसआर मिळेल का?

हा प्रश्न ट्रस्टी मंडळी नेहमी विचारतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण, आरोग्य, भूक, महिला सक्षमीकरण ही कामं यादीत आहेत. धार्मिक कार्य त्यात नाही.

पण कंपनी आपलं काम संस्थेमार्फत करणार असेल तर त्या संस्थेकडे १२एबी, ८०जी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, शिवाय सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी केलेली हवी. बहुतेक छोट्या संस्था इथेच बाहेर पडतात. म्हणून आजच्या घडीला सीएसआरच्या मागे धावण्यापेक्षा बाजारातल्या ४० दुकानदारांना जोडणं जास्त शहाणपणाचं. ते करता करता तीन वर्षांचे हिशोब तयार झाले की मग कंपनीचं दार वाजवावं. आपल्यातला कुणी अशा कंपनीत मॅनेजर किंवा सप्लायर असेल तर त्यानं एवढं करावं की संस्थेची फाइल योग्य टेबलापर्यंत पोहोचवावी.

परदेशातली कमाई

कोकणातल्या गावागावांतून आखातात गेलेली मंडळी गावच्या जमातीला, शाळेला पैसे पाठवतात. यात एक फरक समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं परदेशातून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी देणगीच्या कायद्यात मोडत नाहीत. पण ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, किंवा परदेशातली कंपनी वा संस्था आहे, तिची देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी किंवा परवानगी लागते. नात्यानं तो आपला चुलतभाऊ असला तरी कायदा पासपोर्ट बघतो. त्यामुळे संस्थेनं परदेशातून रक्कम घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावावी. हुंडी किंवा कुणाच्या हाती रोख पाठवणं टाळावं.

मदत अशी असावी की मान राहावा

आता थोडं कडवट, पण सांगायला हवं. शंभर रुपयांचं किट देताना पाच जणांचा फोटो, मागे दुकानाचं बॅनर, पुढे खाली मान घातलेली बाई, असे फोटो आपल्या ग्रुपवर रोज फिरतात. त्या बाईची मुलं शाळेत जातात. तो फोटो त्यांच्या वर्गातही पोहोचतो. दुकानदाराला जाहिरात करायची असेल तर संस्थेच्या वार्षिक अंकात जाहिरात द्यावी, अभ्यासिकेच्या भिंतीवर पाटी लावावी. ते रास्त आहे. घेणाऱ्याचा चेहरा मात्र जाहिरातीत नको.

दुसरं, देणगीसोबत हुकूम देऊ नका. "मी एवढे दिले, आता माझ्या माणसाला ट्रस्टी करा", "माझ्या वॉर्डातच वाटा", अशा अटींनी चांगल्या संस्था फुटल्या आहेत. निवडणुकीच्या तोंडावर आलेली मदत संस्थेनं चार वेळा विचार करून घ्यावी.

तिसरं, थांबायचं असेल तर आधी सांगा. धंद्यात मंदी येते, हे संस्थेलाही कळतं. तीन महिने आधी सांगितलं तर ती दुसरी सोय बघेल. अचानक फोन उचलणं बंद केलं तर ज्या मुलाची फी तुमच्या भरवशावर ठरली आहे, त्याचं वर्ष जातं.

संस्थांनीही आपल्या बाजूनं दोन गोष्टी कराव्यात. दर तीन महिन्यांनी एका पानाचा हिशोब देणगीदारांना पाठवावा: किती आले, कशावर गेले, किती उरले. आणि मागायला जाताना "काहीतरी द्या" म्हणू नये. "जूनमध्ये १२ मुलांची फी भरायची आहे, ३ मुलांची कमी पडते आहे" असं नेमकं सांगावं. धंदेवाल्या माणसाला आकडा लवकर समजतो.

सुरुवात कशी करावी

पहिल्या महिन्यात आपल्या एक किलोमीटरच्या आतली एकच संस्था निवडा. दहा जणांना थोडं थोडं देण्यापेक्षा एकाला नीट द्या. तिथे जाऊन अर्धा तास बसा, काम बघा, वर सांगितलेले कागद मागा. दुसऱ्या महिन्यात त्यांना एकच प्रश्न विचारा: कोणत्या खर्चामुळे तुमची झोप उडते? भाडं, ऑडिट, जूनची फी, जे उत्तर येईल त्यातलं तुम्हाला झेपेल तेवढं सहा महिन्यांसाठी कबूल करा आणि लिहून द्या. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या दोन दुकानदारांना सोबत घेऊन जा. व्यापारी संघटना असेल तर मीटिंगमध्ये विषय काढा.

सहा महिन्यांनी हिशोब बघा. काम नीट चाललं असेल तर पुढे चालू ठेवा, नसेल तर समोर बसून बोला. आपल्या मोहल्ल्यात अशी एखादी संस्था दुकानदारांच्या जोरावर नीट चालली असेल तर ती कशी चालवली जाते हे आम्हाला जरूर कळवा. तिची पद्धत इतर गावांना उपयोगी पडेल.